६ फुटी फिश टँकचा घरगुती संप : क्रॉफर्ड, नागदेवी आणि लोहार चाळीतल्या खरेदीचा रिव्ह्यू

५-६ फुटांच्या टँकवर दोन दोन कॅनिस्टर (बंद डब्याचे फिल्टर) लावूनही पाण्यात कचरा तरंगतोय आणि आता संप करायचाच असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. संप म्हणजे टँकच्या खाली ठेवलेला दुसरा, फिल्टरचा टँक; वरचं पाणी त्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. मी सगळं सामान मुंबईतून जमवलं. क्रॉफर्ड मार्केटातली माशांची दुकानं, नागदेवी स्ट्रीटवरची पाइप-फिटिंगवाली दुकानं, लोहार चाळ, आणि काच मात्र घराजवळच्या काचवाल्याकडून. निकाल आधीच सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल: नागदेवीला पाचपैकी पाच, लोहार चाळीला चार, क्रॉफर्डच्या माशांच्या दुकानांना मीडिया (ज्यावर पाणी साफ करणारे बॅक्टेरिया वाढतात ते सामान) आणि मोज्यांसाठी (कचरा गाळणाऱ्या पिशव्या) चार पण पंपाच्या सल्ल्यासाठी दोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंप सगळ्यात शेवटी घ्या. बाजारात सगळे पंपापासून सुरुवात करायला लावतात, तिथेच प्लॅन बिघडतो.

टँक ६ बाय २ बाय २ फूट, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, वर सोडलेली जागा आणि खालची वाळू धरली तर खरं पाणी ६०० च्या आसपास. आत ऑस्कर, सिल्व्हर डॉलर आणि एक मोठा सेलफिन प्लेको. ऑस्कर ज्यांनी पाळलेत त्यांना सांगायला नको, फूटभर वाढणारा मासा आहे, खातो दाबून, अर्धं तोंडातून बाहेर उडवतो आणि घाण पण त्याच मापाने करतो. कॅनिस्टर वाईट नाही, ३-४ फुटांच्या टँकला मी आजही कॅनिस्टरच सांगेन. पण मोठ्या टँकला त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे उघडून धुवायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की महिना महिना आत घाण सडत राहते, ती डोळ्याआड असली तरी पाण्यातच असते, नायट्रेट वाढतच राहतं. दुसरं म्हणजे लाईट. कॅनिस्टर बंद डबा आहे, लाईट गेली की आतलं पाणी थांबतं आणि बॅक्टेरिया तिथला ऑक्सिजन संपवून टाकतात, काही तासांनी लाईट आल्यावर तेच कुबट पाणी सरळ माशांवर येतं. संप वरून उघडा असतो, बॅटरीवर चालणारा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आत सोडला तरी मीडिया जिवंत राहतो. ज्यांच्याकडे पावसाळ्यात तासन् तास लाईट जाते त्यांच्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

पण ज्या लाईटसाठी संप चांगला त्याच लाईटसाठी तो धोक्याचा पण आहे. दुकानात हे कोणी स्वतःहून सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पंप बंद झाला की वरचं पाणी खाली येतं, येणारच, प्रश्न फक्त किती येणार हा आहे. ६ बाय २ फुटांच्या टँकचा पृष्ठभाग १८३ बाय ६१ सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ११ लिटरच्या थोडं वरच पाणी खाली गेलं. आता रिटर्न पाइपाचं (पंपाचं पाणी परत टँकमध्ये सोडणाऱ्या पाइपाचं) तोंड पाण्यात १५ सेंमी खोल ठेवलंय असं समजा, बऱ्याच जणांचं असतंच कारण पाण्याचा आवाज नको असतो, तर पंप बंद पडल्यावर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहतो. १५ गुणिले ११.२ म्हणजे १६८ लिटर. माझा संप ४ बाय दीड बाय दीड फूट, काठोकाठ २५८ लिटर, त्यात चालू असताना पाणी २५ सेंमी उंच म्हणजे १४० लिटरच्या आसपास, वर मोकळी जागा राहते ११८ लिटरच्या आसपास. १६८ लिटर त्यात मावणार कसे, पन्नास लिटर पाणी हॉलमध्ये, ते पण आपण ऑफिसमध्ये असताना. तेच तोंड पाण्याखाली फक्त अडीच सेंमी ठेवलं तर २८ लिटर येतात, ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं (ज्यातून वरचं पाणी खाली पडतं) आणि पाइपातलं आणखी १० धरा, ३८ लिटर झाले, संपाची पातळी ७ सेंमी चढते आणि विषय संपतो. दोन्हीकडे संप तोच, टँक तोच, फरक फक्त तोंड कुठे ठेवलं त्याचा.

यावर दुकानदार म्हणतील नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा. मी म्हणेन लावू नका, किंवा लावला तरी तो नाहीच असं धरून हिशोब करा, कारण त्याच्या झडपेत एक गोगलगायीचं पिल्लू किंवा शेवाळाचा गोळा अडकला की ती पूर्ण बसत नाही आणि पाणी उतरत राहतं. पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ हवेसाठी भोक पाडतात त्याचं पण तेच, भोक बुजतं. तोंडच वर ठेवलं की बुजायला काही उरत नाही.

उलटा हिशोब पण करा. समजा वरचा ड्रेन (पाणी खाली संपात आणणारा पाइप) पानाने किंवा मेलेल्या माशाने तुंबला आणि पंप चालूच राहिला, तर पंप त्याच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकेल. माझा पंपाचा कप्पा ३० बाय ४६ सेंमी, पंपाच्या तोंडावर २० सेंमी पाणी, म्हणजे २७ लिटर, वरची पातळी अडीच सेंमी चढणार. वर ५ सेंमी मोकळे सोडलेत त्यामुळे सांडत नाही. म्हणून पंपाचा कप्पा मोठा असू दे असं कोणी म्हणालं तर आधी वरची मोकळी जागा मोजा. हे दोन हिशोब कागदावर बसले की मगच घराबाहेर पडा.

आता बाजार. सीएसएमटीला उतरून जेजे स्कूल ऑफ आर्टच्या बाजूने चालत क्रॉफर्डला येता येतं, पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा नागदेवीला जा, मशीद बंदरला उतरलात तर ते जवळ पडतं. कारण असं की पाइप बसवायला टँकच्या काचेला भोकं किती मापाची पाडायची हे फिटिंग हातात आल्याशिवाय ठरत नाही. टँक निपल म्हणजे आपण छतावरच्या टाकीला लावतो तोच, रबरी वॉशर आणि नट असलेला. त्याच्यावर सव्वा इंच लिहिलेलं असतं पण काचेतून जाणाऱ्या आट्याचं बाहेरचं माप त्याहून बरंच मोठं असतं आणि कंपनीगणिक बदलतं. निपल घ्या, कॅलिपरने मोजा, ते माप काचवाल्याला द्या. नेटवरचा तक्ता बघून भोक पाडायला सांगू नका.

नागदेवीला पाच स्टार कशासाठी तर तिथल्या काऊंटरवरच्या माणसांना माप कळतं. यूपीव्हीसीत (कडक प्लास्टिकच्या पाइपात) आपल्याकडे दोन दुनिया आहेत. एक शेतीचा पाइप, तो मिलिमीटरमध्ये, २५, ३२, ४० असा. आणि एक घरातल्या प्लंबिंगचा, तो इंचात, १ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, सव्वा इंचीचा ४२.२. म्हणजे शेतीचा ३२ चा पाइप आणि प्लंबिंगचा १ इंची एल्बो दिसायला सेम पण बसवला तर ढिला, आणि सोल्यूशन लावून ढिलेपणा भरत नाही, तो जॉइंट आज ना उद्या गळतो. त्यात सीपीव्हीसी तिसरंच, त्याचा १ इंची बाहेरून २८.६ मिमी. घराजवळच्या हार्डवेअरमध्ये तिन्ही एकाच फळीवर मिसळलेले असतात, मुलगा जे हाताला येईल ते देतो. नागदेवीत मी नुसतं "सव्वा इंची एल्बो द्या" म्हटलं तर समोरचे काका म्हणाले, "कुठला पाइप आहे ते सांगा आधी, नाहीतर परत याल." बसवून बघायला पाइपाचा तुकडा पण कापून दिला. असा दुकानदार मिळाला की आपलं अर्धं काम होतं. भाव बाहेरच्यापेक्षा कमी आहेत, पण खरी किंमत या अकलेची आहे.

मी ड्रेन दोन पाइपांचा केलाय, हर्बी म्हणतात त्याला. एक सव्वा इंची पाइप पूर्ण पाण्याने भरून चालतो, त्याला खाली व्हॉल्व, आणि दुसरा दीड इंची कोरडा, पहिला तुंबला तरच त्यात पाणी जातं. साधा एक पाइप सोडला तर त्यातून हवा आणि पाणी एकत्र पडतं, गडगड आवाज येतो, रात्री हॉलमध्ये झोपता येत नाही, आणि १ इंची असेल तर ताशी २००० ते २२०० लिटरच्या पुढे त्याच्यावर भरवसा पण ठेवू नये. भरलेल्या पाइपात हवाच नाही म्हणून आवाज नाही. फक्त त्यासाठी व्हॉल्व अगदी बारीक फिरवता यायला हवा, बॉल व्हॉल्व पाव वळशात उघड-बंद होतो, त्याने नेमकं जमवणं फार कटकटीचं. गेट व्हॉल्व हवा, आणि तो प्लास्टिकचा. पितळी गेट व्हॉल्व कुठेही मिळतो पण पितळेत तांबं असतं, ते गोगलगायी आणि झिंग्यांना मारतं, टँकच्या लाईनीत पितळ नकोच. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व शोधावा लागला, चार दुकानं फिरल्यावर केमिकल लाईनचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळाला. तो महाग आहे, पण या सगळ्या खरेदीत ज्या वस्तूचे पैसे देताना मला जराही वाईट वाटलं नाही ती हीच. आणखी एक, भरलेल्या ड्रेनचं खालचं टोक संपाच्या पाण्यात फक्त इंचभर बुडवा, जास्त बुडवलं तर सुरू होताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी दुसऱ्या पाइपाने धो धो यायला लागतं. आणि पंपाच्या वर एक युनियन (हाताने खोलता येणारा जोड) लावाच. पंप धुवायला काढायचा तर युनियन दोन वळशात सुटतो, नाहीतर दर वेळी पाइप कापायचा आणि नवीन जॉइंट करायचा.

काच. संप तयार मिळतो का हे क्रॉफर्डला विचारलं, मिळतो, ऑर्डरवर बनवून पण देतात, पण चार फुटी काचेचं खोकं टेम्पोने ठाण्यापर्यंत आणायचं म्हणजे जीव टांगणीला. त्यापेक्षा घराजवळचा, टँक बनवणारा काचवाला गाठा. माझ्या काचवाल्याचं काम नीट आहे, हात स्वच्छ आहे, बाहेरच्या काचा ८ मिमी आणि मधल्या पट्ट्या ५ मिमी घेतल्या. त्याला बसून चित्र दाखवावं लागलं कारण बॅफल (पाण्याची वाट वळवणाऱ्या आतल्या काचेच्या पट्ट्या) हा प्रकार त्याने फारसा केला नव्हता, पण एकदा समजल्यावर त्यानेच सुचवलं की मधली पट्टी आतल्या मापापेक्षा ४-५ मिमी कमी कापूया, दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा राहील. बरोबर आहे, काच काचेला टेकली की सिलिकॉन आत जात नाही. सिलिकॉन साधं जीपी (जनरल पर्पज), ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमसाठी म्हणून जे विकतात त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते टँकमध्ये अजिबात नको. ट्यूबवर वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. लावल्यावर एक आठवडा हात लावू नका.

वरच्या टँकला भोकं पाडायची तर एक गोष्ट पक्की करून घ्या, काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नको. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की ती एका क्षणात चुरा होते, भोकं पाडून मगच टफन करतात. जुना तयार टँक असेल आणि तळ टफन्ड आहे का माहीत नसेल तर ड्रिल करूच नका. भोक काठापासून लांब, भोकाच्या कडेपासून काचेच्या काठापर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर, आणि डायमंड होल सॉ पाण्यात, दाब न देता.

बॅफलची मांडणी मी साधी ठेवली. पाणी मोज्यात पडतं, मोज्यातून स्पंजाच्या कप्प्यात, मग मीडिया, मग वरून-खालून-वरून अशा तीन पट्ट्यांतून पंपाकडे, म्हणजे बुडबुडे तिथेच वर येऊन फुटतात आणि टँकमध्ये बारीक फेस जात नाही. पट्ट्यांमधलं अंतर इंचभर ठेवा. पहिली पट्टी उंच, पुढच्या थोड्या थोड्या कमी. नेटवर सात-आठ कप्प्यांचे संप दिसतात ते छान दिसतात पण प्रत्येक कप्पा म्हणजे हात न जाणारी एक जागा, माझ्या मते तीनच्या वर कप्पे म्हणजे धुण्याची शिक्षा.

स्टँडबद्दल थोडक्यात. पाणी काठोकाठ धरून ६८०, १२ मिमी काचेचा टँक सव्वाशे किलोच्या घरात, संपातलं पाणी १४०, वाळू-दगड-लोखंड, सगळं मिळून १००० किलोच्या वर जातं. राहत्या घराच्या खोलीसाठी आय.एस. ८७५ मध्ये धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे २०० किलो. टँकची जागा आहे १.१ चौरस मीटर. याचा अर्थ स्लॅब लगेच पडेल असा नाही, भार खोलीभर वाटला जातो आणि भिंतीलगत, बीमवर ठेवला तर बराच फरक पडतो, पण जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, खाली माणसं राहतात. आणि वेल्डरला आधीच सांगा की मधला पाय नट-बोल्टचा कर, नाहीतर ४ फुटी संप आत सरकवायला जागाच राहत नाही. संपाच्या वर निदान ८-१० इंच मोकळे ठेवा, मोजा काढायला हात आणि मोजा दोन्ही बाहेर यायला हवेत.

आता क्रॉफर्ड. मंडईच्या मागच्या अंगाला आणि आजूबाजूला माशांची दुकानं आहेत, लहानपणापासून बघतोय, पिशव्यांतले मासे टांगलेले, गर्दी, पक्ष्यांचा कलकलाट. त्या पक्ष्या-प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे बघून मला त्रास होतो हे पण लिहितो, म्हणून मी काम झालं की थांबत नाही. सामान म्हणून बघितलं तर व्हरायटी भरपूर. २०० मायक्रॉनचे मोजे मिळाले, दोन प्रकारचे, फेल्टचे आणि नायलॉन जाळीचे. नायलॉनचे घ्या, उलटे करून नळाखाली धुतले की साफ, फेल्टचे लवकर गच्च होतात. जाड-बारीक स्पंजाचे ताव, सिरॅमिक रिंग किलोवर, बायोबॉल, लाव्हा रॉक सगळं आहे. रिंग घेताना पिशवीतली धूळ बघा, फार पीठ पडत असेल तर ती पाण्यात विरघळत राहते.

मी मुख्य मीडिया के१ घेतला, प्लास्टिकची चाकासारखी बारीक नळकांडी, खालून हवा सोडली की कप्प्यात फिरत राहतात. खऱ्या के१ ला दर घनमीटरमागे ५०० चौरस मीटर सुरक्षित पृष्ठभाग धरतात, म्हणजे माझ्या ३० लिटरमध्ये १५ चौरस मीटर. फिरत राहिल्यामुळे त्याच्यावर घाण साचत नाही, जुना थर आपोआप घासला जातो, धुवायची गरजच नाही. कप्पा साठ-सत्तर टक्केच भरा, जास्त भरला तर फिरत नाही. पहिले काही आठवडे तरंगतो आणि एका कोपऱ्यात ढीग करून बसतो, घाबरू नका, त्यावर बॅक्टेरियाचा थर बसला की आपोआप फिरायला लागतो. त्याला अडवायला जी चौकोनी भोकांची प्लास्टिक जाळी दुकानात देतात ती चालत नाही, भोकं मोठी, के१ सेंटिमीटरभराचा, आरपार निघून पंपात जातो. बारीक जाळी लावा. क्रॉफर्डमध्ये मला तीच मोठी जाळी "सगळे हीच नेतात" म्हणून पुढे केली होती, म्हणून लिहितोय.

आणि पंप. इथे मी स्टार कापले. जवळजवळ प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न "टँक किती फुटी?" आणि लगेच उत्तर "हा दहा हजार लिटरवाला घ्या, शेठ, आरामात चालेल." उंची किती, ड्रेन किती इंची, कोणीच विचारत नाही. खोक्यावर जो लिटरचा आकडा असतो तो शून्य उंचीचा, आणि जी जास्तीत जास्त उंची लिहितात तिथे पाणी शून्य येतं. आपण दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. माझ्या संपातल्या पाण्यापासून टँकच्या तोंडापर्यंत सव्वा-दीड मीटर, वर एल्बो आहेत, म्हणजे ५००० लिटर आणि ३ मीटर लिहिलेल्या पंपातून प्रत्यक्षात निम्म्याहून थोडं जास्त येईल एवढंच धरायचं. मला हवेत ताशी ३००० च्या आसपास, म्हणजे पाणी तासाला पाच वेळा फिरतं, गोड्या पाण्याला ४ ते ६ वेळा पुष्कळ झालं. म्हणून ६००० चा डीसी पंप घेतला, कंट्रोलरवाला. दहा हजारवाला लावला असता तर ड्रेनला झेपलं नसतं, व्हॉल्व दाबून दाबून चालवावा लागला असता आणि विजेचं बिल वेगळं.

डीसी की एसी यावर माझं मत डीसीच्या बाजूने आहे. एसी पंप ८५ वॉटचा असेल तर २४ तास चालून महिन्याला ६१ युनिट, डीसी ४० वॉटवर चालला तर २९. दर महिन्याला ३२ युनिटचा फरक, वर्षभरात पंपाच्या किमतीतला फरक बऱ्यापैकी भरून निघतो. शिवाय वेग कमी-जास्त करता येतो, खायला घालताना बंद ठेवायचं बटण असतं, आणि पाण्यात २४ व्होल्टच असतात, २३० नाही. कमी बाजू म्हणजे कंट्रोलर आणि अडॅप्टर ओलाव्याने जातात, ते स्टँडच्या आत ठेवू नका, बाहेर उंचावर लावा, आणि कंट्रोलर सुटा मिळतो का हे विकत घेतानाच विचारा. प्रत्यक्ष किती पाणी येतंय हे बघायला रिटर्न पाइप २० लिटरच्या बादलीत सोडा, २४ सेकंदात भरली तर ताशी ३०००.

लोहार चाळीत विजेचं सामान घेतलं. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच), चांगली वायर, पाणी न लागणारी सॉकेटची पेटी. दुकानदार झटपट, भाव एमआरपीच्या बराच खाली, पण किरकोळ गिऱ्हाईकाला गर्दीच्या वेळी वेळ देत नाहीत, काय हवंय ते रेटिंगसकट कागदावर लिहून न्या. एक स्टार तिथे कमी. आरसीसीबीच्या बाबतीत काटकसर करू नका, आपण दर आठवड्याला त्या पाण्यात हात घालतो. आणि प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खाली ठिपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

चालू झाल्यानंतरचं सांगतो. नवीन संपाला बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, मी जुन्या कॅनिस्टरचा मीडिया पिशवीत भरून संपात ठेवला आणि कॅनिस्टर पण चालूच ठेवले, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषं) टेस्टमध्ये शून्य दिसायला लागल्यावर एकेक करून काढले. मोजा तीन-चार दिवसांनी बदलतो, पाच मिनिटांचं काम, घाण टँकमधून खरोखर बाहेर जाते हे डोळ्यांना दिसतं. पाणी आता एवढं स्वच्छ आहे की मागची भिंत दिसते. नायट्रेट मात्र संपाने जात नाही, पाणी बदलणं आहेच, फक्त आता संपातूनच काढायचं आणि संपातच घालायचं, मासे बिचकत नाहीत.

उन्हाळ्यात पाणी उडतं ते सगळं पंपाच्याच कप्प्यात कमी झालेलं दिसतं, कारण बाकीचे कप्पे पट्ट्यांमुळे भरलेलेच राहतात. दिवसाला ५ लिटर उडालं तर माझ्या कप्प्यात साडेतीन सेंमी उतरतात, पाच-सहा दिवस गावाला गेलात तर पंप हवा ओढायला लागेल. उपाय स्वस्त आहे, आरओ फिल्टरच्या टाकीत जो छोटा फ्लोट व्हॉल्व असतो तो सुटा मिळतो, तो कप्प्यात लावून वर एका कॅनमधून नळी सोडली. थेट नळाला जोडू नका, एक तर क्लोरीन, आणि व्हॉल्व अडकला तर कॅनमधलं वीस लिटरच येईल, नळाचं पाणी येतच राहील.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा, रविवारी होलसेल गल्ल्या बंद असतात. आधी नागदेवी, मग लोहार चाळ, क्रॉफर्ड शेवटी, कारण मीडियाच्या पिशव्या आकाराने मोठ्या आणि त्या घेऊन गल्ल्यांत फिरता येत नाही. पंप त्या दिवशी घेऊच नका. पाइप जोडून, स्टँडची खरी उंची टेपने मोजून, मग त्या उंचीला किती लिटर येतात याचा आलेख जो दुकानदार दाखवेल त्याच्याकडून घ्या.